तीन इंद्रियांचे भाडेकरू

कुणी व्यवसाय विचारला की मी "वखारीत तांत्रिक सहायक आहे" असं सांगत असे. समोरचा "अच्छा" म्हणायचा आणि पाऊसपाण्यावर यायचा. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मात्र व्याह्यांनी सोडलं नाही. "म्हणजे नेमकं काय करता?"

"धान्यातले किडे ओळखतो आणि मारतो."

 मग व्याह्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "मारता ते समजलं. ओळखायचं कशाला?"

सगळ्या नोकरीत मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. त्या दिवशी पोहे आले आणि उत्तर राहून गेलं.

बाहेरच्या माणसाला पोत्यातला प्रत्येक जीव म्हणजे 'किडा'. वखारीत तसं म्हणून भागत नाही. गव्हा-ज्वारीतल्या सोंड्याला खरोखरच सोंड असते. मादी तिनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं ठेवते आणि वरून लुकण लावून बुजवून टाकते. बाहेरून दाणा शाबूत, आत बिऱ्हाड. तांबड्या भुंगेऱ्याला अख्खा दाणा फोडता येत नाही. तो पीठ आणि तुकडा शोधतो, म्हणून तो दिसला की समजायचं, आधी दुसरं कुणी येऊन गेलं आहे. खापऱ्याची अळी उपाशी ठेवली तरी मरत नाही. भिंतीच्या भेगेत जाऊन वर्षानुवर्षं पडून राहते आणि नवा माल आला की जेवायला उठते. काही कार्यालयांत असे लोक मी पाहिले आहेत.

तुरीतला भुंगा सगळ्यांत अजब. तो मुळात वखारीतला नाही, शेतातून शेंगेसोबत येतो. अळी दाण्याच्या आत राहून दाणा पोखरते. पण पंख फुटून बाहेर पडल्यावर त्याला काही खायची गरज उरत नाही. जोडीदार शोधायचा, दाण्यांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी डकवायची आणि थोड्या दिवसांत मरून जायचं. पोत्यात फार गर्दी झाली तर या घराण्यातल्या एका जातीत पुढची पिढी निराळीच निपजते. तिला उडता चांगलं येतं, अंडी मात्र कमी. घरात जागा उरली नाही की पोरं पुण्याला जातात, तसंच.

सगळ्यांना गोळी एकच, गॅसची. पोत्यांच्या थप्पीवर जाड कापड टाकायचं, कडेनं वाळूच्या पिशव्या लावून हवाबंद करायचं आणि आठवडाभर कुणी तिकडं फिरकायचं नाही. माणूसही मरतो त्यानं, म्हणून हे शिकल्यासवरल्याचं काम. पण कापडाला भोक असलं, घाई झाली, तर अर्धवट गॅसमधून चिवट तेवढे वाचतात आणि त्यांची पोरं त्याहून चिवट निघतात. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं निवड पद्धतीनं जोमदार वाण तयार करत होतो. जालना बियाणं कंपन्यांचं गाव, तिथं या कामाचे लोक पैसे घेतात. आम्ही फुकट केलं.

जैवविविधतेचा दिवस आमच्याकडेही साजरा व्हायचा. फाटकावर वाघाचा फलक लागायचा. ज्या आवारात मांजराशिवाय मोठं जनावर कुणी पाहिलं नव्हतं, तिथं वाघ. त्याच दिवशी आत तीन थप्प्यांना गोळ्या लागलेल्या. एकदा असाच फलक लावायला मोठे साहेब आले. तपासणी करताना त्यांच्या बाहीवर एक छद्मविंचू चढला. हा तिळाएवढा प्राणी, खेकड्यासारख्या नांग्या आहेत पण शेपूटही नाही आणि डंखही नाही. उलट बारीक किडे खाऊन आमचं काम हलकं करतो. साहेबांनी बुशकोट काढून फेकला. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आदेश आला, 'गोदामात विंचू असल्याने कर्मचाऱ्यांनी दक्षता घ्यावी.' आम्ही दक्षता घेतली. साहेब आले की छद्मविंचवांच्या नमुन्यांचा डबा बाहेर ठेवत नव्हतो.

हस्तीमलजींशी माझी ओळख झाली ती या नोकरीमुळेच. त्यांची धान्याच्या मोंढ्याजवळ डाळमिल आणि मागे दोन गोदामं. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पिढ्यांपासून जालन्याच्या मस्तगडात राहणारं. सगळे त्यांना बाउजी म्हणत. माल सरकारी वखारीत ठेवायचा असला की ते यायचे आणि दर वेळी विचारायचे, "ढवळेजी, गॅस केव्हा मारणार?" मी तारीख सांगितली की त्याच्या आदल्या दिवशी आपली पोती उचलून न्यायचे. स्वतःच्या जागेत गॅस सोडायचा नाही, असा त्यांचा नियम होता. नियम म्हणजे घेतलेलं व्रत, सूचनाफलकावरचा नव्हे.

मग किडे लागले तर? उन्हात माल पसरायचा, चाळायचा, मऊ कुंच्यानं झाडायचा, आणि जे निघेल ते जिवंत गोळा करून गोदामाच्या मागच्या एका पत्र्याच्या खोलीत नेऊन सोडायचं. वर त्यांना खायला धान्य. शहरात भाडं न घेता जेवण देणारी एवढी एकच खोली असेल. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला माझ्या शिक्षणाची दया आली.

"बाउजी," मी म्हटलं, "तुम्ही दारानं बाहेर काढता, ते खिडकीनं परत येतात. गोदामाच्या भिंतीला लागून किड्यांची धर्मशाळा काढली तुम्ही."

"मंग कुठं नेऊन सोडू? आष्टीला, तुमच्या गावी?"

"निदान लांब तरी."

"लांब नेताना वाटेत मरत्यात. जीव हाय तो."

आणि मग त्यांनी मला त्यांचं वर्गीकरण सांगितलं. जीवांची विभागणी इंद्रियांवरून. झाडं, पाणी, माती एका इंद्रियाची, फक्त स्पर्श. अळ्या, शंख दोन. मुंगी, ढेकूण, धान्यातले किडे तीन, म्हणजे स्पर्श, चव आणि वास. माशी, विंचू चार, त्यांना डोळे. पुढे कान असलेले पाच. मी आयुष्यभर पाय, पंख आणि मिशांचे पेर पाहून जीव वेगळे करत आलो. कुणी ते काय काय जाणू शकतात यावरून करत असेल, हे ऐकून मी जरा सावरून बसलो. पण व्यवसायाचा अभिमान आडवा आला.

"तुरीच्या भुंग्याला डोळे आहेत," मी म्हटलं.

"न्हाईत."

मी खिशातलं भिंग दिलं. तळहातावरचा भुंगा ते उन्हात उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. चहा आला, निवला.

"हायेत," ते शेवटी म्हणाले. "दोन हायेत."

"दोन ढीग आहेत. एकेका ढिगात पुष्कळ."

"म्हंजे ह्याला वरच्या वर्गात घालायचा. बढती." मग माझ्याकडं रोखून पाहत म्हणाले, "शास्त्र चुकलं म्हणता?"

"शास्त्र सांगितलं तेव्हा भिंग नव्हतं."

"तुमच्याकडं तर हाय. तुमचं चुकत न्हाई?"

चुकतं, हे मला कबूल करावं लागलं. या भुंग्याचं पूर्वी स्वतःचं वेगळं घराणं होतं. माझी नोकरी चालू असतानाच शास्त्रज्ञांनी त्याला पानभुंग्यांच्या घराण्यात दत्तक देऊन टाकलं. हे ऐकून बाउजी खूश झाले. "मंग आमचं बी एवढंसं चालवून घ्या," म्हणाले. "अन् ते काहीच खात न्हाई म्हणालात ना पंख फुटल्यावर? ते मला घरी सांगू द्या. आमच्या घरात लई जण उपासाचं सांगत असतात."

त्यानंतर ते मला अधूनमधून बोलवायचे, चहाला म्हणून. चहापेक्षा प्रश्न जास्त असायचे.

मी निवृत्त झालो. गोदामांचा कारभार हळूहळू त्यांच्या मुलाकडे, राजेंद्रकडे गेला. मोंढ्यात त्याला राजूशेठ म्हणतात. गेल्या वर्षी पर्युषणाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"ढवळेसाहेब, उद्यापासून बाउजी आठ दिवस जैन स्थानकात, साधनेला. मुक्कामच तिथं. गोदामाचं नाव बी काढायचे न्हाईत. तेवढ्यात गॅसचं काम उरकून द्या."

पर्युषण, म्हणजे जैनांचं उपास-साधनेचं पर्व, आठ दिवसांचं आणि गॅसचं कापड आठवडाभराचं. पंचांगानं एवढी सोय क्वचितच करून दिली असेल.

"बाउजींना माहीत आहे?"

"माहीत असतं तर त्यांच्या जायची वाट कशाला पाह्यली असती? मागल्या गोदामात सगळी तूर हाय, साहेब. दिवाळीच्या आधी डाळ द्यायचा शब्द दिलाय. पोत्यात हात घातला की पीठ लागून राह्यलं. ती तूर गेली तर मिल बंद ठेवून बसावं लागंल."

मी येऊन पाहतो म्हटलं. राजूशेठ वाईट माणूस नव्हता. बापाच्या नियमावर आजची मिल चालवणं काय असतं, हे बापाला आता रोज पाहावं लागत नव्हतं एवढंच. आणि गॅस सोडणं हे माझ्यासाठी पाप नव्हतं, नोकरी होती. अडचण वेगळी होती. ज्या माणसानं शास्त्रावर माझ्याशी वाद घालून चहा थंड केला होता, त्याच्या पाठीमागं त्याचं व्रत मोडायचं होतं.

त्याच दुपारी गोदामावर पोचलो तर फाटकाशी बाउजी स्वतः. पांढरे कपडे, हातात छोटी पिशवी. हमालांचे मुकादम गफूरभाई त्यांच्यासाठी रिक्षा थांबवून उभे होते.

"राजूनं बोलावलं," बाउजी म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मी मान हलवली.

"त्याला न्हाई म्हणू नका. न्हाई म्हणालात तर तो दुसऱ्याला आणील. हो बी म्हणू नका." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्या खात्यात एक शब्द असतो बघा. अर्ज दिला की दोन वर्षं तोच ऐकायला मिळतो."

"पाहणी चालू आहे."

"हां. तो. आठ दिवस."

रिक्षा गेली. गफूरभाई म्हणाले, "साहब, बाप-बेटे के बीच में हाथ मत डालो. बिलकुल मत डालो." सल्ला बरोबर होता, पण उशिरा आला.

आता पाहणी करायचीच तर खरी करावी, म्हणून मी परखी मागवली. परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची टोकदार नळी. थप्पीच्या वरून, मधून, तळातून नमुने काढले. राजूशेठचं म्हणणं खोटं नव्हतं. अंड्यांचे पांढरे ठिपके, भोकं पडलेले दाणे, पळणारे भुंगे. कुठल्याही वखारीत मी तिथल्या तिथं गॅसचा शेरा मारला असता.

पण पोत्यांवरून आणखी काहीतरी चालत होतं. मुंगीपेक्षा बारीक, काळं, पंख असलेलं. एक दाण्यावर थांबलं, मिशांनी टकटक केल्यासारखं केलं, फिरलं, पुन्हा टकटक केलं आणि मग एका जागी पोट टेकवून स्तब्ध उभं राहिलं. ही गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली परजीवी माशी. ती दाण्याच्या आत लपलेली भुंग्याची अळी बाहेरून शोधते, सुईसारख्या अवयवानं तिथपर्यंत पोचते आणि तिच्यावर अंडं घालते. मग आत भुंग्याच्या अळीला माशीची अळी खाते आणि दाण्यातून भुंग्याऐवजी माशी बाहेर येते.

पुस्तकात वाचलेलं होतं. एवढ्या संख्येनं पाहिलं मात्र कधीच नव्हतं, आणि का पाहिलं नव्हतं ते तिथं उभ्या उभ्या लक्षात आलं. आमच्या गॅसला माशी आणि भुंगा यांतला फरक कळत नाही. भुंग्यांतले चिवट वाचले असतील, माशा नाही. जालन्यात या माशांना पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक राहता येईल अशी जागा एकच होती, ती पत्र्याची खोली. मी जाऊन दार उघडलं. खिडकीच्या जाळीवर त्या माशा मिरीची पूड उडवल्यासारख्या बसल्या होत्या.

मी तुरीचे काही दाणे बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून घरी खिडकीत ठेवले. रोज सकाळी पाहत होतो. बायको म्हणाली, "निवृत्त झालात म्हणून घरी आणायला लागलात?" बरणीत भुंगे निघत होते, पण माशा जास्त. भोकंही दोन तऱ्हेची होती. भुंगा बाहेर पडतो तेव्हा छापल्यासारखं गोल, स्वच्छ भोक ठेवतो. माशीचं बारीक आणि ओबडधोबड. दिवसेंदिवस ओबडधोबड भोकं वाढत होती.

इकडे राजूशेठचे फोन. "झालं का?" "पाहणी चालू आहे." "साहेब, काय पाहून राह्यले तुम्ही एवढं? किडे हायेत, ते मला बी दिसून राह्यले." पाचव्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही बसा पाहत. मी बाहेरगावचा माणूस बोलावलाय."

मी बरणी घेऊन निघालो. फाटकात टेम्पो उभा होता. कापड उतरवणं चालू होतं. आलेला माणूस थप्पीकडं न पाहताच गोळ्यांचा डबा काखेत धरून हिंडत होता.

"राजूशेठ, दोन मिनिटं."

"साहेब, आता न्हाई."

मी बरणी आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं वैतागून डोळ्याला लावलं. बापासारखा तो वेळ लावत नाही. पण मग त्याला ती माशी दिसली असावी, कारण तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी काय चाललं आहे ते सांगितलं.

"म्हंजे ही घुंगुरटी माझ्या गोदामाची राखण करून राह्यली?"

"राखण नाही. तिला तुमच्या तुरीशी देणंघेणं नाही. तिला अळी पाहिजे."

"अन् आली कुठून?"

"बाउजींच्या खोलीतून."

तो हसला नाही. "हमी देता का?" त्यानं विचारलं. "तूर वाचंल म्हणून?"

"नाही. काही पोती जातीलच. तळातली, भिंतीकडची तर गेलीच समजा."

"मंग गॅसची तरी हमी असती."

"ती मी नोकरीभर देत आलो. दर वर्षी पुन्हा द्यावी लागायची." मी टेम्पोकडं बोट केलं. "आज हे कापड टाकाल तर यातले भुंगे बहुतेक मरतील आणि माशा सगळ्या. पुढच्या पावसाळ्यात भुंगे येतील. माशा कुठून आणाल?"

टेम्पोवाला म्हणाला, "शेठ, जल्दी बोला. मला पुढं वडीगोद्रीला जायचंय."

राजूशेठनं पुन्हा भिंग लावलं.  त्या तुरीवर त्याचा शब्द होता, माझं काहीच नव्हतं. सल्ला देणाऱ्याची पोती कधी किडत नसतात.

"कापड गाडीत टाका," तो शेवटी म्हणाला. "भाडं देतो." मग माझ्याकडं वळून, "दिवाळीत डाळ गेली न्हाई, तर साहेब, तुम्हाला त्या खोलीत ऱ्हायला पाठवीन."

"जेवणाची सोय आहे ना?"

या वेळी हसला, थोडं.

पुढचे दिवस त्यानं हमाल लावून थप्पी हलवली, पोती सैल रचली, तळातला गेलेला माल वेगळा केला. उघडीप मिळेल तेव्हा तूर उन्हात पसरली. मी रोज नमुना काढत होतो, खरंच पाहणी करत होतो. जिवंत भुंगे कमी होत गेले. संपले नाहीत. तूर वाचली असं म्हणणं फुशारकीचं होईल. जाता जाता थांबली एवढं म्हणता येतं. पुढे दिवाळीआधी डाळ निघाली, शब्दापेक्षा थोडी कमी, आणि त्या थोड्यावरून राजूशेठला काही फोन ऐकून घ्यावे लागले.

पण ते नंतरचं. पर्युषण संपल्यावर बाउजी स्थानकातून घरी न जाता गोदामावर आले. उपासानं वाळले होते. मी तिथं होतोच. त्यांनी हवा हुंगली. गॅसला वास असतो हे त्यांना माझ्याचकडून कळलं होतं. तो नव्हता. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी बरणी पुढं केली आणि सगळं सांगितलं, माशी, सुई, आतली अळी, आणि त्यांची खोली.

ते पायरीवर बसले. भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"आतल्या अळीला हे जिवंतपणी खातं?"

"हो."

"अन् हे माझ्या खोलीत वाढलं. मी खाऊ घातलं."

"तुम्ही भुंग्यांना खाऊ घातलं. त्यांनी यांना."

हे समाधान त्यांना पटण्यातलं नव्हतं, आणि मलाही ते फार चांगलं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "ह्यांना वेगळं करता येईल? हे इकडं, ते तिकडं?"

"येईल. भुंगे वाढत जातील. माशा उपाशी मरतील."

जन्मभर डाळ, खडा आणि फोल वेगळं करत आलेला माणूस तो. बरणी गुडघ्यावर धरून बसून राहिला. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "एवढं निवडणं आपल्याच्यानं व्हायचं न्हाई." आणि मग, "हिला इंद्रियं किती?"

"तुमच्या हिशोबानं चार. पण दाण्याच्या आतली न दिसणारी अळी ती मिशांनी कशी ओळखते, ते कुठल्या इंद्रियात घालायचं, मला सांगता येत नाही."

"तुम्हाला बी न्हाई?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा अन्न मिळाल्यासारखं काहीतरी उमटलं.

तेवढ्यात राजूशेठ आतून आला. पर्युषणानंतर एकमेकांची क्षमा मागायची त्यांच्यात रीत आहे. वर्षभरात कळत-नकळत जे काही दुखावलं असेल त्याबद्दल. रीतीचा एक मोठा गुण असा की तपशील द्यावा लागत नाही. राजूशेठनं वाकून हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बाउजी."

बाउजींनीही हात जोडले. नेहमी एवढ्यावर संपतं. पण ते मुलाकडं पाहत राहिले.

"कशाबद्दल, ते विचारू?"

राजूशेठनं माझ्याकडं पाहिलं. मी थप्पीकडं पाहिलं.

"नका विचारू," तो म्हणाला.

"बरं," बाउजी म्हणाले. मुलाच्या खांद्याला धरून ते पायरीवरून उठले. "मंग माझं बी मी सांगत न्हाई."